तानबाजींच्या सायकलीचा पोळा

सेलूच्या शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि एवढ्या काळात माझ्या ज्ञानाचा कुणाला काही उपयोग झाल्याची तक्रार एकदाही आली नव्हती. वीज, चुंबक, तरफ, सगळं फळ्यावर सुरू व्हायचं आणि फळ्यावरच पुसलं जायचं. दोन हजार सात सालच्या उन्हाळ्यात मी ते फळ्यावरून खाली उतरवलं, हीच माझी चूक.

त्याला कारण तानबाजी. तानबाजी घोराडचे. बोर नदीच्या काठी त्यांची दीड एकराची भाजीची वाडी. रोज सकाळी सायकलीवर माल लादून ते सेलूत येत आणि आमची गल्ली हा त्यांचा पहिला मुक्काम. सायकल म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल तसली नव्हे. दोन दांड्यांची, मागे पाटाएवढं कॅरिअर, पुढे लोखंडी जाळी आणि दोन्ही अंगांना पोती. वांगी, दोडके, बरबटीच्या शेंगा आणि सगळ्यांच्या वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. लांबून पाहिलं तर भाजीचा ढीगच चालत येतोय असं वाटायचं. ढिगामागून पांढरी टोपी निघाली की समजायचं, तानबाजी आले.

त्या मे महिन्यात सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि सायकल बंद सांगितली. त्यांचा मुलगा निकेश बुटीबोरीला कंपनीत नोकरीला होता. तो म्हणाला, बास झालं बाबा, आता घरी बसा. तानबाजी हे सगळं आमच्या पायरीवर बसून सांगत होते.

"मास्तर, घरी बसलो का मी संपलो. पोरगं म्हंते, माल तोडा अन् दुसऱ्याच्या गाडीत टाकून द्या. मंग मनकर्णाबाईच्या गोळ्या कोन आनन? मले तरी कोन वळखन?"

मनकर्णाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. वय ऐंशी, एकट्या, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मेथीच्या जुडीबरोबर तानबाजीच आणून देत. 

हे ऐकताना सुमित्रा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तानबाजींकडे न पाहता माझ्याकडे पाहत होत्या. लग्नाला वीस वर्षं झाली की अशा पाहण्याचा अर्थ विचारावा लागत नाही. चौदा वर्षांपूर्वी सुमित्राला ऐन दुपारी कळा सुरू झाल्या, ऑटो मिळेना आणि मी अंगणात एका पायात चप्पल घालून नुसता फिरत होतो, तेव्हा याच तानबाजींनी भररस्त्यात पोती सोडून वांगी ओतून दिली, कॅरिअरवर गोधडी टाकली आणि तिला दवाखान्यात पोचवलं. अर्ध्या तासात अंकिता झाली. ती वांगी गल्लीने वेचून नेली. त्यांतली दोन किलो आमच्याच घरी निघाली, आणि आठ दिवसांनी तानबाजी बाळ पाहायला आले तेव्हा त्यांनी वांग्यांचं नावसुद्धा काढलं नाही. तेव्हापासून त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं माझ्या मनात होतं, आणि माझ्या मनात असलेल्या बऱ्याच गोष्टींप्रमाणे ते मनातच होतं.

"तुम्ही वीज शिकवता ना?" सुमित्रा म्हणाली.

पुढच्या रविवारी मी नागपूरला जाऊन सायकलीला लावायचं मोटारीचं किट घेऊन आलो. पेपरात त्याची चौकोनी जाहिरात मी आधीच पाहिली होती. पुढच्या चाकात बसणारी ताटलीसारखी मोटार, एक सुटं चाक, मोटारीला हुकूम देणारा एक छोटा डबा, तीन बॅटऱ्या, हँडलला लावायची पिळायची मूठ आणि एक चिनी भाषेतली पुस्तिका. पुस्तिकेत एक माणूस अशा सायकलीवर बसून हसत होता. त्याच्या कॅरिअरवर काहीही नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खोकं ऑटोतून उतरताच गल्ली जमली. सगळ्यांत पुढे किसनराव. किसनराव निवृत्त ग्रामसेवक. निवृत्त माणसाला महिन्याला पेन्शन मिळते आणि रोज सकाळी एक मत सुचतं.

"सर, मोटारच लावाची होती तं लुनाच घेऊन द्याची न," ते म्हणाले. "सायकलीले मोटार म्हंजे म्हाताऱ्याले शेरवानी."

मनकर्णाबाईंची शंका वेगळी होती. "काऊन जी मास्तर, मेथीच्या जुडीत करंट तं नाई उतरनार न?"

नाही उतरणार, असं मी त्यांना विद्युतरोधक पदार्थांची उदाहरणं देऊन समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढे वर्षभर जुडी घेण्याआधी त्या तिला हाताच्या मागच्या बाजूने एकदा हळूच शिवून पाहत.

किट बसवायचं काम चौकातल्या नत्थू मिस्त्रीकडे दिलं. नत्थूने मोटार हातात घेतली, कडेची छिद्रं मोजली, पुन्हा मोजली आणि मोटार खाली ठेवली.

"सर, हे छत्तीस छेदाचं आहे. आपल्या पुढच्या चाकाले आरे बत्तीस, मागच्याले चाळीस. छत्तीसचं चाक आपल्या इकडं कोनी वापरतच नाई."

"मग किटबरोबर आलेलं चाक?"

"ते लहान पडते. लावून दाखवतो."

त्याने लावून दाखवलं. सायकल पुढून इतकी वाकली की जणू चौकातल्या मारुतीला नमस्कारच करते आहे. तानबाजींनी तिच्या सीटवर बसून पाहिलं आणि ते पुढे घसरत जाळीत जाऊन टेकले. शेवटी नत्थूने हिंगणघाटच्या एका भंगारवाल्याकडून कुठल्याशा परदेशी सायकलीची छत्तीस छिद्रांची रिम पैदा केली. त्यात बारा दिवस गेले. बारा दिवस किसनराव रोज सकाळी फाटकाशी येऊन विचारत, "काय सर, उडालं का विमान?"

वायरी मात्र मी स्वतः जोडल्या. इथे नत्थूचा काय संबंध? मोटारीतून तीन वायरी निघत होत्या, डब्यातूनही तीन, आणि दोन्हीकडचे रंग एकमेकांशी जुळत नव्हते. तीन वायरी किती प्रकारे जोडता येतील हे गणित मी विद्यार्थ्यांना घालतो. उत्तर सहा. मी त्यांतला एक प्रकार आत्मविश्वासाने निवडला. चाचणीला सगळी गल्ली हजर. सुमित्राने नारळ फोडला. तानबाजी सायकलीवर बसले, टोपी नीट केली, देवाचं नाव घेतलं आणि मूठ पिळली.

सायकल मागे गेली.

चांगली जोरात गेली. "मास्तर, हे उलटी चालून राह्यली जी!" एवढं ओरडेपर्यंत तानबाजी किसनरावांच्या कुंपणातून आत शिरले आणि तुळशीवृंदावनाला टेकून थांबले. कुणाला लागलं नाही. लागलं ते माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीला. किसनरावांनी त्या दिवशी फक्त मोडलेल्या कुंपणाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तानबाजी मात्र उतरून धूळ झटकत म्हणाले, "ताकद पक्की आहे बरं मास्तर. नुसतं तोंड इकडं फिरवा लागते."

दोन वायरींची अदलाबदल करताच तोंड फिरलं.

मग किसनरावांनी कायद्याचा मुद्दा काढला. मोटार लागली म्हणजे ते वाहन. वाहनाला नंबर लागतो, लायसन लागतं. कुंपणाचा राग असावा, पण मुद्दा बिनतोड होता. मी अर्धी रजा टाकून वर्ध्याला एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूने माझा अर्ज वाचला.

"पायडल आहे?"

"आहे."

"मग सायकल आहे. ही खिडकी नाही. मोटार आहे?"

"आहे."

"मग गाडी आहे. चेसिस नंबर आणा."

"दोन्ही आहे हो."

"दोन्ही असेल तर साहेब. साहेब दौऱ्यावर आहेत."

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला साहेब जिन्यात भेटले. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, माणसाचं वय काय, गुडघ्याला काय झालं, मोटार केवढी. मग म्हणाले, "एवढ्या लहान मोटारीला काही लागत नाही. चालवू द्या त्यांना. माझ्याही वडिलांचे गुडघे गेलेत." आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबले. "ते किट कुठे मिळतं?" मी पत्ता लिहून दिला. सरकारी कार्यालयातून माणूस आनंदात बाहेर पडल्याचं मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

राहता राहिला वीज भरण्याचा प्रश्न. त्या वर्षी लोडशेडिंग असं होतं की वीज आलेली कळली तर शेजारी एकमेकांना हाका मारून सांगत. घोराडला तर त्याहून वाईट. म्हणून असं ठरलं की तानबाजी सकाळी आले की बॅटऱ्यांची पिशवी आमच्याकडे ठेवतील, पायी गल्ल्या फिरतील आणि दुपारी भरलेली पिशवी लावून घरी जातील. आमच्या स्वयंपाकघरात प्लगची जागा एकच. "आज चटणी की चार्जिंग?" असं सुमित्रा रोज विचारायची आणि रोज स्वतःच चार्जिंग लावायची. त्या पावसाळ्यात मी पाट्यावर वाटलेली चटणी खाल्ली, आणि खरं सांगतो, ती मिक्सरच्या चटणीपेक्षा चांगली लागत होती. वाटायचं काम माझ्याकडे होतं, एवढंच.

निकेश एका रविवारी येऊन सायकल पाहून गेला. त्याने डबा, वायरी, जोडण्या सगळं बोटांनी चाचपलं. मग तो बापाला म्हणाला, "चालवा. पण हे एकदा बिघडली का मंग घरी बसाचं. पुन्हा पायडल माराचं नाई. कबूल?"

"कबूल," तानबाजी म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर एवढा भरवसा त्याआधी फक्त माझ्या आईने टाकला होता, आणि तिला विज्ञान येत नव्हतं.

पण सायकल चालली. आषाढ गेला, श्रावण सरत आला, सायकल चालत राहिली. घोराडचा चढ तानबाजी टोपी न पाडता चढायला लागले. ते तिला 'माहा बैल' म्हणत. त्यांची खरी बैलजोडी चार वर्षांपूर्वी विकली होती, आणि त्यानंतर पोळ्याच्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं, पण त्यावरून काही ओळखलं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी फाटकाशी घुंगरं वाजली. बाहेर येऊन पाहतो तर तानबाजी सायकल हातात धरून उभे. अंगावर धुवट धोतर. सायकलीच्या दांडीवर झूल, हँडलच्या दोन्ही टोकांना बैलाच्या शिंगांना बांधतात तशी बेगड, गळ्यात, म्हणजे घंटीच्या खाली, घुंगरमाळ. आणि मोटार हळदीने पिवळीधमक.

"काल संध्याकाळी खांद शेकली जी," तानबाजी म्हणाले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, वर्षभर जू ओढलं म्हणून. "तूप-हळद लावलं. आवतन देल्लं, उद्या जेवाले या म्हनून. आज सकाळी नदीत नेऊन धुतली, घासून घासून."

"नदीत?" मी म्हणालो.

"बोर नदीत. कंबरीएवढ्या पान्यात."

खाली पाहिलं तर हुकमाच्या डब्यातून टप टप पाणी गळत होतं.

"अहो, विजेच्या वस्तूला पाणी..."

"जोतं सोडलतं मी," तानबाजी शांतपणे म्हणाले. "तुमीच सांगतलं होतं न, वायर जोडली असन तं पानी नाई. म्हनून आदी पिशवी काढून घरात ठेवली, कोरडी. मंगच नदीत गेलतो. आता पिशवी चार्जिंगले आनली. पोळ्याले बैलाले काम नसते, मी पाईच आलो. दोन दिवस ऊन लागू द्या, वाळन."

पाहा, हे सगळं बरोबर होतं. एका शब्दाचीही त्यात चूक नव्हती. पण बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दुसऱ्याने शिकवलेलं लवकर पचत नाही. शिवाय निकेशची अट डोक्यात घुमत होती. सुमित्राने ओवाळलं, बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, म्हणून हँडलला नवा रुमाल बांधला आणि तानबाजींना पुरणपोळी वाढायला आत नेलं. मी सायकल परसात घेतली. वाळेपर्यंत दोन दिवस जीव टांगणीला ठेवण्यापेक्षा आत्ताच खात्री करून घेऊ, असं मला वाटलं. फडक्याने डबा पुसला. वरून पुसला. आणि पिशवीतून वायर काढून जोडली.

फट्!

आवाज लहानच होता. मग डब्याच्या फटीतून एक बारीक धुराची रेघ निघाली आणि तुपाचा, हळदीचा व जळक्या प्लास्टिकचा असा वास सुटला की तो मी अजून विसरलो नाही.

मागे वळलो. परसाच्या दारात तानबाजी उभे होते. हातात अर्धी पुरणपोळी. त्यांनी माझ्या हातातली वायर पाहिली, धूर पाहिला, आणि माझा चेहरा पाहिला.

तेवढ्यात वासाच्या मागोमाग किसनराव आले, त्यांच्या मागे मनकर्णाबाई. "काय झालं? काय जळून राह्यलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच तानबाजी बोलले.

"माह्या हातानं झालं जी. नदीत धुतलं मी त्याले. मास्तर बिचारे नाई म्हनत होते."

मग अर्धा तास किसनरावांनी त्यांना झापलं. अरे तानबा, विजेच्या वस्तूले कोनी आंघोळ घालते का, सरांनी इतली मेहनत केली, अडाण्याले सोन्याचं ताट देल्लं तरी तो त्यात गोवऱ्याच ठेवन. तानबाजी मान खाली घालून ऐकत होते आणि मधेच पुरणपोळीचा घास घेत होते. मी वायर हातात घेऊन उभा होतो. बोललो नाही. का बोललो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि उत्तर दर वेळी एकच येतं: लाज वाटली. किसनरावांसमोर लाज वाटली, बस.

तानबाजी झूल लावलेली सायकल ढकलत परत गेले. फाटकापर्यंत लंगडत नव्हते, पुढे लंगडायला लागले. त्या रात्री मी जेवलो नाही. सुमित्राने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांनी तुमची अब्रू ठेवली आणि स्वतःची फेरी घालवली. उद्या निकेशला काय सांगणार ते?"

सकाळी उठून मी पायी घोराडला गेलो. पोळ्याच्या सुट्टीमुळे निकेश घरीच होता, आणि तानबाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दिवसा खाटेवर पडलेले तानबाजी मी कधी पाहिले नव्हते.

"निकेश," मी म्हणालो, "सायकल तुझ्या बाबांनी बिघडवली नाही. त्यांनी बॅटरी काढून ठेवली होती. ओल्या डब्याला वायर मी जोडली."

मला वाटलं होतं की पटवून द्यायला वेळ लागेल. निकेशने क्षणाचाही विचार केला नाही.

"मले वाटलंच होतं सर," तो म्हणाला.

त्याला दहावीला विज्ञान मीच शिकवलं होतं.

मग तो हसला. मग खाटेवरून, भिंतीकडे तोंड असलेल्या बाजूनेही हसू आलं. निकेशने त्याच संध्याकाळी नागपूरहून नवा डबा आणला, रबराच्या ट्यूबमध्ये गुंडाळून असा बसवला की आता सायकल विहिरीत पडली तरी चालेल. मोटारीला काही झालं नव्हतं. अट रद्द झाली का, असं मी विचारलं. "अट बाबासाठी होती सर," तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाई." चौथ्या दिवशी ढिगामागून पांढरी टोपी आमच्या गल्लीत आली आणि मनकर्णाबाईंना गोळ्या मिळाल्या.

राहिली गल्ली. मी किसनरावांना फाटकाशी गाठून, जमतील तेवढ्या लोकांसमोर, घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. किसनरावांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सर, तुमी लई मोठ्या मनाचे. गरिबाची चूक सवताच्या अंगावर घेऊन राह्यले. पन आमी डोळ्यानं पाह्यलं न!"

पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकं माझं मन मोठं होत गेलं. गणपतीत गल्लीने माझा शाल देऊन सत्कार केला. किसनरावांनी भाषण केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या ओळीत तानबाजी होते, आणि सगळ्यांत जोरात त्याच टाळ्या होत्या.

पुढच्या वर्षी पोळ्याला घुंगरं वाजली. झूल तीच, बेगड नवी, मोटार पिवळीधमक आणि नदीत न्हालेली. मी सवयीने कॅरिअरकडे पाहिलं. पिशवी नव्हती.

"बॅटऱ्या?" मी विचारलं.

"इसरलो जी मास्तर!" तानबाजी किसनरावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "म्हातारपन!"

किसनरावांनी कपाळावर हात मारला. तानबाजी जरा जवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी ते पिशवी तुमच्या हाती लागू देत नसतो मी."

सुमित्रा तबक घेऊन बाहेर आली, तिने सायकलीला ओवाळलं. मी हात जोडले. किसनरावांना वाटलं, सायकलीलाच जोडले.